छतावरची बाग: मलबार हिलच्या जलाशयाचं प्रकरण

शाळेच्या सहलीला मुंबईत आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हँगिंग गार्डन पाहिलेलं असतं. झुडपं कातरून केलेले हत्ती, फुलांचे वाफे, रस्ता ओलांडला की कमला नेहरू पार्क, तिथला म्हातारीचा बूट आणि कठड्याशी उभं राहिलं की खाली गिरगाव चौपाटीपासून वळत गेलेला मरीन ड्राइव्ह. आपण उभे असतो ती हिरवळ एका प्रचंड टाकीचं छत आहे, हे मात्र सहलीत सहसा कुणी सांगत नाही. त्या टाकीची क्षमता १४.७ कोटी लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो धरला, तर टाकी भरलेली असताना टेकडीच्या माथ्यावर सुमारे १ लाख ४७ हजार टन पाणी असतं.

२०२२ ते २०२४ या काळात या टाकीवरून आणि बागेवरून मुंबईत मोठा वाद झाला. टाकी पाडून नवी बांधायची, तिची क्षमता १९.१ कोटी लिटर करायची, त्यावर ६९८ कोटी रुपये खर्च करायचे, बाग सात वर्षांपर्यंत बंद ठेवायची आणि ३८९ झाडांना हात लावायचा, अशी महापालिकेची योजना होती. ती रद्द झाली. रद्द झाली हे मला चांगलंच वाटतं. तरी हे प्रकरण इथे मांडतो आहे ते विजयाची गोष्ट म्हणून नव्हे. सगळ्यात आधी विचारायला हवा होता तो प्रश्न इथे जवळजवळ शेवटी विचारला गेला. हे का घडलं ते कळण्यासाठी बागेचा जन्म कसा झाला इथून सुरुवात करावी लागते.

पाण्याला उंची हवी होती

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. बेट छोटं, माणसं वाढत चाललेली आणि चहूकडे खारं पाणी. पाऊस ओढला की हाल व्हायचे. १८५६ मध्ये विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये नळाचं पाणी शहरात आलं. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याची ती योजना होती.

विहारने तहान भागवली, पण पाणी उंचावर चढवणं त्याला जमत नव्हतं. विहारची ओसंडण्याची पातळी साधारण ८० मीटर. मैलोन्‌मैल नळातून घर्षण सोसत शहरात पोहोचेपर्यंत त्या पाण्याचा दाब उतरायचा. सखल भागात नळ वाहायचे, टेकड्यांवर कोरडे राहायचे. मग १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. त्याची पातळी १३९ मीटरच्या आसपास, म्हणजे विहारपेक्षा खूपच वर. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी मलबार हिलच्या माथ्यापर्यंत पोहोचू शकत होतं आणि एकदा तिथे साठवलं की खालच्या सगळ्या वस्तीला आपल्या वजनानेच मिळू शकत होतं. दक्षिण मुंबईत याहून उंच जागा नव्हती. टाकीसाठी टेकडी निवडली गेली ती याच हिशेबाने.

जल अभियंता खात्याच्या भाषेत याला सेवा जलाशय म्हणतात. तलावाचं पाणी शुद्ध होऊन दिवसरात्र सारख्या गतीने टाकीत येत राहतं, पण शहर ते ठरावीक तासांत वापरतं. मधली तफावत टाकी सांभाळते. पाणी सोडायची वेळ नसते तेव्हा ती भरते आणि चावीवाल्याने चावी फिरवली की रिकामी होऊ लागते. आज मुंबईला अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून पाणी मिळतं आणि त्यातलं बहुतेक भांडुपच्या केंद्रात शुद्ध होतं. शहराला रोज ३८० कोटी लिटरहून जास्त पाणी पुरवलं जातं. त्यापुढे १४.७ कोटी हा आकडा किरकोळ वाटेल, पण कुलाबा, फोर्ट, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड आणि मलबार हिल इथल्या घरांचा, कचेऱ्यांचा, इस्पितळांचा नळ याच टाकीवर चालतो.

पिण्याचं पाणी उघडं ठेवता येत नाही. ऊन लागलं की शेवाळ धरतं, पाखरं आणि धूळ पडते. म्हणून टाकीवर छत घातलं गेलं, छतावर माती टाकली गेली आणि मातीवर बाग लावली गेली. मातीच्या थराखाली पाणी थंड राहतं आणि वरची मोकळी जागाही वाया जात नाही. शेजारच्या डुंगरवाडीतल्या पारशी दख्म्यांवरची, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यांवरची, गिधाडं पाण्यात काही टाकतील म्हणून टाकी झाकली, अशी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोष्ट म्हणून ती लक्षात राहते, पण शुद्ध पाण्याची टाकी झाकायला गिधाडांची गरज नसते. बंदराच्या बाजूला, माझगावला, दख्मे नसतानाही तेच केलं गेलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

बागेची माहिती देणारे तिचं साल १८८१ सांगतात. पालिकेच्या पाणीखात्याच्या कागदांत टाकीचं साल १८८७ येतं. जमिनीच्या एकाच तुकड्याला दोन जन्मसालं लाभली आहेत, आणि पुढे काय घडलं ते पाहताना मला हे पुन्हा पुन्हा आठवतं. वरच्या बाजूची नोंद एका खात्याने ठेवली, खालच्या बाजूची दुसऱ्याने.

बागेला नाव मिळालं फिरोजशहा मेहतांचं (१८४५–१९१५). मुंबईच्या नगरपालिका कारभाराचा पाया घालण्यात, विशेषतः १८८८ च्या महापालिका कायद्यामागे, त्यांचा वाटा मोठा होता. शहराच्या पाण्यावर पसरलेल्या बागेला याहून योग्य नाव सापडलं नसतं. १९५२ मध्ये समोरच कमला नेहरू पार्क झालं आणि टेकडीचा माथा मुलांचा झाला.

माझगावची बहीण

मलबार हिलवरून जो समुद्र दिसतो तो बॅक बे. ज्या बंदरामुळे मुंबई मोठी झाली ते बेटाच्या पूर्व अंगाला आहे. त्या अंगाला, डॉकयार्ड रोड स्टेशनला लागूनच, भंडारवाड्याची टेकडी आहे आणि तिच्यावरही पाण्याच्या टाकीवरची बाग आहे: जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान.

सहलींच्या वाटेवर ते येत नाही. पण बंदर पाहायचं असेल तर मी तिथेच जायला सांगेन. खाली हार्बर लाइनची गाडी जाते, पलीकडे गोद्या आणि माझगाव डॉकच्या क्रेन, त्यामागे पाण्यात नांगरलेली जहाजं. या माथ्यावर इंग्रजांनी १६८० च्या सुमारास किल्ला बांधला होता. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने मुंबईवर स्वारी केली, माझगाव घेतलं आणि मुंबईच्या किल्ल्याला वेढा घातला. इंग्रजांना औरंगजेबाची माफी मागून दंड भरावा लागला. १६९० च्या जूनमध्ये सिद्दी परत गेला तो माझगावचा किल्ला जमीनदोस्त करून. पुढे १८८४ च्या सुमारास तिथे जलाशय आणि बाग आली. आधी तिला जॉन हे ग्रँट या इंग्रजाचं नाव होतं. नंतर माझगावातच जन्मलेल्या काका बॅप्टिस्टांचं नाव तिला मिळालं. जोसेफ बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, कामगारांचे वकील आणि १९२५ मध्ये मुंबईच्या महापालिकेचे प्रमुख.

ही बहीण इथे आणली ती एका कारणासाठी. मुंबईच्या कितीतरी टेकड्या फोडून त्यांचे दगड समुद्र बुजवायला आणि रस्ते, रेल्वे बांधायला वापरले गेले. डोंगरी तर आता बहुतेक नावापुरतीच डोंगरी आहे. ज्या माथ्यांवर पाणी बसवलं ते माथे वाचले. पाण्याला उंची हवी होती आणि त्या उंचीला पाण्याने राखलं. बागा पाण्याच्या आश्रयाने जगल्या, असं मी म्हणेन.

२०२० चा पाऊस

५ ऑगस्ट २०२० ला दक्षिण मुंबईवर जो पाऊस कोसळला तो तिथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत चोवीस तासांत ३३१.८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. त्या रात्री मलबार हिलचा उतार केम्प्स कॉर्नरजवळ ना. सी. पाटकर मार्गावर खचला. संरक्षक भिंत कोसळली, झाडं मुळासकट खाली आली. वरच्या अंगाला बा. गं. खेर मार्गालाही धोका निर्माण झाला आणि तो रस्ता दीर्घकाळ बंद ठेवावा लागला.

वादाच्या बातम्यांत हा प्रसंग पुढे फारसा आला नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. या टेकडीचे उतार माती, मुरूम आणि झाडांच्या मुळांनी धरलेले आहेत. मुळं पावसाचं पाणी मुरवतात, मातीला बांधून ठेवतात. माथ्यावर दीड लाख टन पाणी असताना उतार खचणं म्हणजे काय, हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढे त्याच टेकडीवर मोठ्या खोदाईची योजना आली, तेव्हा रहिवाशांच्या डोळ्यांपुढे ती रात्र होती.

योजना काय होती आणि तिच्यामागचं भय

पालिकेची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण ती पोकळ नव्हती. बांधकाम एकशे पस्तीस वर्षांचं. एवढ्या जुन्या टाकीला काही झालं तर मंत्रालयापासून गिरगावातल्या चाळीपर्यंत सगळ्यांचे नळ एकदम बंद. दक्षिण मुंबईत उंच इमारती वाढत आहेत, तेव्हा मागणीही वाढणार. अभियंत्याला जबाबदारी झोपू देत नाही. काही कोसळलं तर विचारणा त्याच्याकडे होते. टिकलं तर कुणाला आठवतही नाही. म्हणून ‘नवीनच बांधू’ हे उत्तर त्याला सुरक्षित वाटतं. यात मला दुष्टावा दिसत नाही.

अडचण पुढे होती. चालू टाकी पाडायची तर तोवर शहराला पाणी कुठून द्यायचं? त्यासाठी आधी पर्यायी टाकी बांधायला हवी आणि ती त्याच उंचीवर हवी, नाहीतर दाब मिळणार नाही. त्या उंचीवर मोकळी जागा म्हणजे बाग आणि भोवतालची झाडी. झाडांचा प्रश्न आला तो या साखळीतून. ३८९ झाडांपैकी १८९ तोडायची आणि २०० दुसरीकडे लावायची, असं ठरलं. पूर्ण वाढलेलं झाड उपटून पुन्हा लावलं की ते किती वेळा जगतं, याबद्दल मुंबईकरांचा अनुभव कडवट आहे. आकड्यांत ‘पुनर्रोपण’ लिहिलं म्हणून कुणाचं समाधान झालं नाही.

लोकांना कळलं ते झाडांमुळेच. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या वृक्षांच्या जतनाचा कायदा आहे. त्याखाली झाड तोडण्याआधी नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. टाकी पाडण्यासाठी अशी नोटीस लागत नाही. म्हणजे १४.७ कोटी लिटरच्या जलाशयाबद्दल नागरिकांना विचारायची वाट कायद्याने उघडली ती झाडांच्या दारातून. झाडं नसती तर बहुधा काम सुरू झाल्यावरच पत्र्याचे अडसर दिसले असते.

२०२३ मध्ये विरोध वाढत गेला. सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक, आसपासच्या रहिवासी संघटना आणि वास्तुरचनाकार सगळेच बोलू लागले. सात वर्षं बाग बंद ही कल्पनाच अनेकांना सहन होणारी नव्हती. सत्तरीतल्या माणसाला सात वर्षं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. लोकप्रतिनिधीही मध्ये पडले. तरीही त्या काळातली निवेदनं पाहिली की एक गोष्ट जाणवते. सुरुवातीला दोन्ही बाजू वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत होत्या. नागरिक बागेबद्दल, झाडांबद्दल. पालिका पाण्याबद्दल. एकाने ‘झाडं वाचवा’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘पाणी नको का?’ विचारायचं. या पद्धतीने भांडण कितीही वर्षं चाललं असतं.

टाकीत उतरल्यावर

वळण आलं ते तज्ज्ञांची समिती नेमली गेली तेव्हा. तिच्यात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक होते, पालिकेचे अधिकारी होते आणि बांधकामाची जाण असलेले त्याच भागातले नागरिकही होते. मला या रचनेत शहाणपण दिसतं. नागरिकांना फक्त हरकतदार म्हणून बाहेर उभं न ठेवता टेबलाशी बसवलं गेलं.

डिसेंबर २०२३ मध्ये पाहणी झाली. चालू जलाशय आतून पाहायचा म्हणजे सोपं काम नाही. टाकी कप्प्याकप्प्यांची आहे. एक कप्पा रिकामा करायचा, बाकीच्यांवर पुरवठा चालवायचा, पाण्याच्या वेळा सांभाळायच्या आणि मिळालेल्या थोड्या अवधीत आत उतरून भिंती, खांब, छत तपासायचं. टाकीची प्रकृती आत उतरूनच ठरवता येते. कोरडं वय सांगून काही ठरत नाही. दीडशे वर्षांची चांगली जोपासलेली दगडी इमारत उभी राहते आणि तीस वर्षांची निकृष्ट काँक्रीटची पडते, हे मुंबईत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

समितीत एकमत झालं नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण नंतरच्या सांगण्यात ते गळून जातं. सगळी टाकी पाडून पुन्हा बांधण्याची गरज नाही, टप्प्याटप्प्याने दुरुस्ती पुरेल आणि ती कप्पे आळीपाळीने रिकामे करून करता येईल, असं काहींचं म्हणणं. प्राध्यापकांचा कल दुरुस्तीच्या काळात पुरवठा अखंड राहावा म्हणून जास्तीची एक टाकी असावी याकडे. मतभेद खरा होता आणि अभियांत्रिकीतला होता. पण आता दोन्ही बाजू एकाच वस्तूबद्दल बोलत होत्या: टाकीच्या अवस्थेबद्दल.

मग पालिकेने आयआयटी रुरकीचं मत घेतलं. तिथूनही दुरुस्तीच्या बाजूने कौल आला आणि २०२४ मध्ये पुनर्बांधणीचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. १९.१ कोटी लिटरची टाकी कागदावर राहिली. बाग उघडीच राहिली.

क्रम उलटा लागला

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खुपतं ते कामांच्या क्रमात. जुनं बांधकाम हाताळताना साधी रीत अशी: आधी आत जाऊन तपासा, मग दुरुस्ती होते का पाहा, होत नसेल तर पाडायचं ठरवा, मग पर्यायी टाकीची जागा शोधा, मग झाडं मोजा. इथे लोकांसमोर सगळ्यात आधी आली ती झाडांची यादी आणि ६९८ कोटींचा आकडा. सर्वांना मान्य होईल अशी आतली तपासणी आली शेवटी, तीही आंदोलन झाल्यावर. पालिकेकडे टाकीबद्दलचे आपले निष्कर्ष असतीलही, पण लोकांपुढे मांडून, त्यांच्यातल्या जाणकारांना बरोबर घेऊन केलेली तपासणी नव्हती. अशा तपासणीला काही आठवडे लागले. ती आधी झाली असती तर निविदेचा, विरोधाचा आणि मनस्तापाचा सगळा काळ वाचला असता.

क्षमतावाढीचा मुद्दाही दुरुस्तीच्या मुद्द्यात मिसळला गेला. ४.४ कोटी लिटर जास्त साठवायचं म्हणजे माथ्यावर ४४ हजार टन नवं ओझं. २०२० ला खचलेल्या उतारावर ते ठेवायचं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारायला हवा होता. टाकी जुनी झाली म्हणून मोठी करू, असं म्हटलं की जुनेपणाच्या काळजीच्या आडून मोठेपणाचा निर्णय पुढे सरकतो.

आणखी एक. उद्यान खातं बाग सांभाळतं, जल अभियंता खातं टाकी सांभाळतं. बागेतलं शिंपण, मातीचा थर, छतावर पसरणारी मुळं यांचा टाकीच्या छतावर परिणाम होतो. छताच्या दुरुस्तीचा बागेवर होतो. नकाशावर ही जागा एक आहे, फायलींत दोन. मला वाटतं, मलबार हिल आणि भंडारवाडा या दोन्ही ठिकाणी ठरावीक वर्षांनी एकच संयुक्त पाहणी व्हावी, वरून आणि आतून, आणि तिचा अहवाल पालिकेने आपण होऊन प्रसिद्ध करावा. पुढचा अभियंता मग एकट्याने घाबरून निर्णय घेणार नाही.

नंतर

३० मार्च २०२५ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, याच टेकडीवर एक उन्नत निसर्गमार्ग खुला झाला. कमला नेहरू पार्कच्या मागच्या अंगाने, उतारावरच्या झाडीतून जाणारी ४८५ मीटर लांबीची लाकडी वाट. ती जमिनीवरून नेलेली नाही. खांबांवर उचलली आहे, म्हणून खालची माती आणि मुळं आपल्या जागी राहतात. शेवटाकडे काचेच्या तळाचा सज्जा आहे आणि तिथून गिरगाव चौपाटी दिसते. लोक गर्दी करतात, पोरं काचेवर पाऊल टाकायला बिचकतात, आया हात धरून पुढे नेतात.

हेही पालिकेचंच काम आणि हेही त्याच उतारावर. मागे, रस्त्यापलीकडे, जुनी टाकी भरते आहे, रिकामी होते आहे. तिची दुरुस्ती बाकी आहे. एकेक कप्पा कोरडा करून, बाकीच्यांवर शहर चालवून ती करायची आहे आणि हे काम पावसाळे पाहून, पाण्याच्या वेळा पाहून सावकाशच होणार. वरच्या हिरवळीवर सकाळी सहाला फिरायला येणाऱ्यांना त्यातलं काही दिसणार नाही.